धोंड्याची बंडी

९ मे, शनिवार

ऊन असं पडलंय की दुकानासमोरच्या पत्र्यावर चिमणीसुद्धा टेकत नाही. आम्हा कूलरवाल्यांचे हेच दिवस. लोक उन्हाला शिव्या घालतात आणि मी मनातल्या मनात त्याला हात जोडतो.

आज एक निवृत्त मास्तर भांडायला आले. नवा कूलर घेऊन आठवडा झाला, गारवा नाही, नुसतं अंग चिकट होतं म्हणे. त्यांच्या मागोमाग घरी गेलो. पाहतो तर दार बंद, खिडक्या बंद, वर जाड पडदे. गारवा बाहेर पळून जाईल अशी मास्तरांना भीती. मी पडदा सारून एक खिडकी सताड उघडली आणि म्हणालो, "मास्तर, नुसत्या ओलीनं गार होत न्हाई. ओलीवरून वारं जाया पायजे. वाऱ्याला बाहेर वाट ठिवली न्हाई तर कूलर म्हंजे नुसती वाफ." थोड्या वेळात खोली गार झाली. हा किस्सा मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगितला, लोक पोट धरून हसले. मास्तर मागच्या बाकावर बसलेले होते हे नंतर कळलं. जरा ओशाळलो, पण फार नाही.

अधिक महिना सतरा तारखेला लागतोय. बायको महादेवी विचारत होती, धोंड्याला जावईबापूंना काय द्यायचं. मागच्या धोंड्याची आठवण निघाली की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. लग्नानंतरचा पहिला धोंडा, आणि मी सेलमधला शर्ट आणला. तो इतका तंग की रविराव पंगतीत बसले आणि छातीचं बटण उडून वरणात पडलं. विहीणबाई रतनबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रविराव मात्र, "न्हाई मामा, बरोबर बसतोय," म्हणाले आणि दिवसभर तोच शर्ट घालून फिरले. या वेळी असं काही द्यायचं की सासरवाडीचं नाव निघेल.

जावई आमचे अग्निशमन दलात आहेत, तालुक्याच्या गाडीवर, कंत्राटी. त्यांचा आगीत घालायचा कोट मी एकदा अंगात घालून पाहिला होता. गोधडीसारखा जाड, गळ्यापर्यंत बंद, वाऱ्याची झुळूकसुद्धा आत शिरत नाही. असल्या कोटात भर मे महिन्यात आगीपुढं उभं राहायचं. आतून पोरगा गार राहील असं काही करता आलं तर?

डोक्यात काहीतरी आलंय.

१३ मे, बुधवार

जमलं! मांजरपाटाचे दोन पदर, मध्ये कूलरचा वाळा बारीक करून भरला आणि तो एका जागी गोळा होऊ नये म्हणून महादेवीने मशीनवर चौकड्या टाकल्या. बिनबाह्यांची बंडी. पाण्यात बुडवायची, निथळायची, घालायची. वाळ्याचा वास तर असा की देवघरात बसल्यासारखं वाटतं.

भर दुपारी ती घालून मोटारसायकलवरून अंबाजोगाईला जाऊन आलो. लू अंगावर येत होती आणि माझे खांदे कुडकुडत होते. पंपावर थांबून ओळखीच्या लोकांना छातीला हात लावून बघायला सांगितलं. एकाने तिथल्या तिथे पेटंट घ्या म्हणून सांगितलं. पेटंट कुठं मिळतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही, पण ऐकून बरं वाटलं.

महादेवी म्हणाली, एकदा तो कोट वरून घालून बघायचा का? मी म्हणालो, कोट काय, त्यावरून गोधडी घातली तरी गारच राहणार. अंगाला लागून ओल आहे ना. बाईमाणसाला यंत्रातलं कळत नाही असं काही मी बोललो नाही, पण मनात आलं.

२१ मे, गुरुवार

आज धोंडा झाला. पोरगी वर्षाराणी, जावई, विहीणबाई सगळे आले. महादेवी पहाटेपासून खपत होती. मोठ्या पातेल्यात पाणी, वर चाळणी, चाळणीवर ओलं फडकं, त्यावर पुरणाचे धोंडे मांडून झाकण. मी मध्येच झाकण उचलून पाहायला गेलो आणि मनगट भाजून घेतलं. वर्षाराणी हसली, "आप्पा, वाफेला हात लावत्यात व्हय?"

आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. महादेवीने एकदा घातलं, वर्षाराणीने एकदा. मला पहिल्या घासालाच कळलं, पण आता पंगत बसलेली. रविराव दोन वाट्या प्यायले आणि "लई भारी झालीय मामी," म्हणाले. असा जावई मिळायला नशीब लागतं. भरल्या घरात आमचं नाक राखलं.

मग मी चांदीच्या वाटीऐवजी बंडी दिली. काठाला हळदकुंकू लावून, दुकानाच्या पिशवीत घालून. रतनबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. धोंड्याला बंडी त्यांनी बापजन्मी पाहिली नसणार. मी पाण्यात बुडवून रविरावांना तिथंच घालायला लावली आणि अंगणात फर्राटा पंख्यापुढं उभं केलं. "कसं वाटतंय?" म्हणालो. ते म्हणाले, "लई गार वाटतंय मामा." टाळ्या झाल्या. रतनबाईंनीसुद्धा हात लावून पाहिला. मागच्या धोंड्याचं बटण आज फिटलं.

निघताना जावयांनी विचारलं, "कोटाच्या आत घालायची ना मामा?" मी म्हणालो, आत नाही तर काय बाहेर. ते हसले. पोरगी नवऱ्याकडं बघत होती.

२६ मे, मंगळवार

बातमी पोचली. तालुक्याचे पुढारी विजयसिंह स्वतः दुकानावर आले, बरोबर चार पोरं आणि एक फोटोवाला. आपल्या भागातला माणूस अशी वस्तू करतो याचा त्यांना अभिमान वाटतो. तालुक्याच्या गाडीवरच्या सगळ्यांना बंड्या द्यायच्या ठरल्या, अधिक संपायच्या आत, चौदा जूनला, फेटे आणि शाल असा कार्यक्रम. कापड त्यांच्याकडून, वाळा माझा, शिवण महादेवीची. मशीन तेव्हापासून थांबलेली नाही.

मी जावयांना रोज संध्याकाळी फोन करतो. घातली का? कशी वाटली? ते म्हणतात, घातली, छान वाटली. मोठमोठ्याने बोलायची सवय नाही त्यांना, माणूस शांत आहे.

वर्षाराणीने आईला फोन केला होता. रविरावांच्या पाठीवर घामोळं आलंय, पावडर कुठली लावू. आणि परवा सराव झाला तेव्हा गाडीमागं जाऊन उलटी केली म्हणे. मी फोन हातात घेऊन म्हणालो, साबण बदला, आणि उन्हात मठ्ठा प्यायचा नाही. मग पोरगी मला म्हणाली, "आप्पा, ते लई भिडस्त हायत, तुमाला म्हाईत हाय ना?" मी म्हणालो, माहीत आहे, म्हणून तर लाडके आहेत. ती ठेवते म्हणाली. हल्ली तिचं बोलणं असंच तुटक. बापाचं नाव होतंय, त्यात पोरीने खूश व्हायला हवं होतं.

२ जून, मंगळवार

सकाळी जावयांना सांगितलं होतं, आज ड्यूटीवर बंडी घालून एक फोटो पाठवा, बॅनरवर टाकायचाय. त्यांनी दुपारी पाठवला. कोट उघडा, आत बंडी, हसू थोडं ओढलेलं.

त्यानंतर लगेचच नांदूरघाटच्या रस्त्याला सरकीच्या गोदामाला आग लागली. तालुक्याची गाडी गेली. आता वर्षाराणीचा फोन आला, रविराव दवाखान्यात आहेत. आम्ही निघतोय.

३ जून, बुधवार

कुठंतरी लिहायलाच हवं.

जावई पालथे झोपलेले होते. नर्स पट्टी बदलत होती म्हणून आम्हाला दारात थांबवलं, पण दार उघडंच होतं. मान चांगली, दंड चांगले, शेजारी पडलेल्या कोटाला जळाल्याची खूणही नाही. आणि दोन्ही दंडांच्या मध्ये पाठ लाल, फोडांनी भरलेली. त्या लालीला कड होती. बाह्यांचा कट जिथं मी खडूने आखला होता, तिथंच लाली संपत होती. खांद्यापाशी महादेवीच्या चौकड्या उमटल्या होत्या. एक एक चौकोन ओळखू येत होता.

महादेवीने माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

डॉक्टर म्हणाले, आगीने नाही, वाफेने भाजलंय, पाणी कुठून आलं कोटात? रविरावांनी तोंड उशीत ठेवूनच सांगितलं की पाइपातलं गरम पाणी गळ्यातून आत गेलं, कॉलर उघडी राहिली होती. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी कूलरवाला आहे. ओल आणि वारं हा माझा धंदा आहे, डॉक्टरांना जे कळलं नाही ते मला कळलं होतं. मी म्हणालो, "हो, हो, कॉलर राहिली असेल."

माझ्या तोंडातून हे गेलं. मीच बोललो.

५ जून, शुक्रवार

मास्तरांची खिडकी डोळ्यांपुढून हलत नाही. "वाऱ्याला बाहेर वाट ठिवली न्हाई तर नुसती वाफ." टपरीवर मी हे वाक्य दोनदा म्हणून दाखवलं होतं, मास्तरांच्या चेहऱ्याची नक्कल करून. आणि घरी येऊन पोटच्या पोरीच्या नवऱ्याला खोलीत कोंडलं, ओल लावून, दार लावून. त्या मास्तरांना यंत्राची अक्कल नव्हती. मला होती, आणि मी ती दुकानात ठेवून घरी आलो.

लाज वाटते म्हणतात तेव्हा ती कुठं वाटते हे मला आता कळलं. जेवताना घशात. आरशात पाहिलं की मानेत. दुकानात कोणी "जावई कसे आहेत" विचारलं की दोन्ही कानांत.

आज काही लोक येऊन म्हणाले, बघा, बंडी होती म्हणून पोरगा वाचला, नाहीतर जळून गेला असता. मी मान हलवली. नाही म्हणालो नाही.

दुपारी घरी आलो तर मशीन बंद. महादेवी खाली बसून तयार बंड्यांची शिवण उसवत होती. वाळा एकीकडं, कापड एकीकडं. मी म्हणालो, विजयसिंहांना काय सांगायचं? ती वर न बघता म्हणाली, "त्ये तुमी ठरवा. मी शिवलंय तेवडं मी उसवते."

धोंडे करायचं पातेलं तिने माळ्यावर टाकलंय.

९ जून, मंगळवार

रविराव घरी आले. वर्षाराणी आज एकटी आमच्याकडं आली, ओसरीतच बसली, आत आली नाही. दलाचे प्रमुख रामकिसन साहेब म्हणतात, कोट नीट बंद न करता आगीत शिरला, हा बेजबाबदारपणा. कंत्राट या महिन्यात संपतंय, ते पुढं चालू करायचं नाही असं वर कळवणार आहेत. दुसरी नोकरी आहे कुठं? आणि अशा शेऱ्यानंतर कोण घेणार?

मी म्हणालो, "कॉलर खरंच उघडी होती का?"

पोरीने माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर खाली केली. मग ती सावकाश बोलली. कॉलर गच्च बंद होती. पहिल्या दिवशीच्या सरावात त्यांना गुदमरल्यासारखं झालं, बंडी काढून त्यांनी उशीसारखी पाठीमागं टेकायला घेतली होती. पण रोज संध्याकाळी माझा फोन. घातली का, घातली का. ती त्यांना म्हणत होती, आप्पांना सांगा, गरम होते म्हणून. ते म्हणत, मामांनी हौसेनं केलीय, धोंड्याचं वाण आहे, त्याला नावं ठेवू नयेत. मग त्यांनी कोरडीच घालायला सुरुवात केली, म्हणजे खोटंही बोलायला नको. त्या मंगळवारी मात्र मी फोटो मागितला. फोटोत कोरडी दिसेल म्हणून ओली केली. तेवढ्यात घंटा झाली आणि काढायला वेळ मिळाला नाही.

"कावून बोलली न्हाईस तू मला?" मी विचारलं.

"बोलले होते आप्पा," ती म्हणाली. "तुमी म्हनले साबण बदला."

मी तिला चहा घे म्हणालो. ती नको म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी विजयसिंहांचा फोन आला, बॅनर छापून आलाय, माझा फोटो मोठा आहे. मला कार्यक्रम रद्द करा म्हणायचं होतं. मी म्हणालो, बघतो. घाबरट माणूस आहे मी. एकसष्ट वर्षांत कळलं नव्हतं, कारण कधी घाबरायची वेळच आली नव्हती.

११ जून, गुरुवार

रामकिसन साहेबांकडं जाऊन आलो. महादेवी सकाळी फक्त एवढंच म्हणाली होती की उसवलेलं कापड ती विजयसिंहांच्या माणसाला परत देणार आहे आणि विचारलं तर कारण सांगणार आहे. म्हणजे माझ्याआधी ती सांगणार. मी चपला घातल्या आणि निघालो.

साहेबांना सगळं सांगितलं. चूक पोराची नाही, बंडीची आहे, म्हणजे माझी आहे. ओल्या कापडावर बंद कोट, समोर आग, पाण्याला जायला वाट नाही, त्याची वाफ झाली. साहेबांनी नीट ऐकलं, पाणी पाजलं आणि म्हणाले, "आप्पा, जावयाची नोकरी वाचवायला सासरा आसंच बोलनार. तुमच्या जागी मी आसतो तरी बोललो आसतो. पर त्यानं सोता सांगितलंय की कॉलर उगडी होती." वर म्हणाले की बंडी तर विजयसिंहांनी पास केलीय, चौदा तारखेला सगळ्या स्टाफला मिळणार आहे, तिला आता मी कशी वाईट म्हणू?

मी आयुष्यभर खरं बोललो की लोक मान डोलवायचे. आज पहिल्यांदा खरं बोलायला कष्ट पडले आणि कोणी विश्वास ठेवेना. बाकीच्या पोरांच्या पाठी माझ्या डोळ्यांपुढं येत होत्या. आमच्या बंड्या महादेवीने उसवल्या, पण विजयसिंहांनी फोटोवरून बीडला आणखी शिवायला टाकल्यात असं तिथंच कळलं.

तिथून तसाच पोरीच्या घरी गेलो. जावई पालथे पडून होते, उठायला लागले. मी म्हणालो, बसू नका, उठू नका, माझ्या पाया तर पडूच नका. आणि मग धोंड्याला दिलेलं वाण परत मागितलं. आमच्यात हे कोणी केलेलं मी ऐकलं नाही. जावयाला दिलेली वस्तू परत मागणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, मीही म्हणालोय.

रविराव म्हणाले, "दिल्यालं परत घेत न्हाईत मामा. ऱ्हाऊ द्या. माजी कॉलरच उगडी होती."

मला रडू आलं. जावयापुढं, विहिणीपुढं. मी म्हणालो, "रविराव, माज्यासाटी आता खोटं बोलू नका. मी त्या खोट्याच्या लायकीचा न्हाई."

रतनबाई आत गेल्या. बंडी त्यांनी धुऊन, घडी घालून ठेवली होती, काठाचं कुंकू अजून पुसट दिसत होतं. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "मागच्या टायमाला मी हासले होते, त्ये तुमी मनात धरलं. हासायला नको होतं मी." त्यांनी माफी मागावी! जमीन दुभंगली असती तर मी आत गेलो असतो.

१२ जून, शुक्रवार

पडून लिहितोय, डाव्या हाताला सलाइनची पट्टी आहे.

दुपारी बंडी घेऊन पुन्हा अग्निशमनच्या आवारात गेलो. नळाखाली बुडवली, निथळली, घातली. रामकिसन साहेबांना म्हणालो, मला एक कोट द्या. ते नको नको म्हणत होते. गाडीच्या बॉनेटवर एक कोट उन्हात पडला होता, तोच उचलून घातला आणि गळ्यापर्यंत बंद केला. कॉलर साहेबांना स्वतः तपासायला लावली. मग आवाराच्या मध्ये, उन्हात, मोकळ्या फरशीवर उभा राहिलो. कोणी पाइप ओढायला सांगितला, तो ओढला. स्टाफ गोळा झाला. एकदोघं हसत होते.

सुरुवातीला खरंच गार लागलं. मग कोमट. मग असं वाटलं की कोणीतरी आत गरम पोतेरं गुंडाळलंय आणि पीळ देतंय. घाम सुटत होता आणि जात कुठंच नव्हता. श्वास आत घेतला की तोच ओला श्वास. वाळ्याचा वास येत होता, देवघराचा, आणि मला मळमळत होतं.

साहेबांनी विचारलं, "कसं वाटतंय आप्पा?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी म्हणालो, "गार वाटतंय."

का म्हणालो? बंडी चुकीची आहे हे दाखवायलाच तर गेलो होतो. पण इतकी माणसं तोंडाकडं बघत असली, आणि वस्तू आपल्या माणसाने हौसेनं केलेली असली, की तो शब्द आपोआप येतो. अंगणात फर्राट्यापुढं उभे असलेले रविराव मला त्या वेळी दिसले. मग मी डोळे मिटून म्हणालो, "न्हाई. खोटं बोललो. भाजतंय. काढा ह्ये."

बटणं कोणी काढली ते आठवत नाही. कोणीतरी म्हणालं, चेहरा बघा, लाल झालाय. साहेबांनी कोटात हात घातला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला. "बिनआगीचं ह्ये हाल," ते म्हणाले. नंतर मी फरशीवर होतो आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतणारे हात जावयांचे होते. स्टाफमधल्या कोणी फोन केला म्हणून वर्षाराणीने त्यांना आणलं होतं, पाठीला सदरा लागू नये म्हणून नुसतं उपरणं पांघरून.

साहेबांनी माझ्यासमोरच विजयसिंहांना फोन लावला. बीडच्या बंड्या थांबवल्या. रविरावांचा शेरा बदलतो म्हणाले. पोराचं कंत्राट वरच्यांच्या हातात आहे, पण माझ्याकडून वाईट जाणार नाही, असं म्हणाले. तेवढं पुष्कळ.

१५ जून, सोमवार

अधिकाचा शेवटचा दिवस. कार्यक्रम झाला नाही. बॅनर मात्र रात्रीतून कोणी तरी चौकात लावून टाकला होता, छापून आलाय तर वाया कशाला, या हिशेबाने. माझा फोटो हसतोय. टपरीवर माझ्या नावाची नवी गोष्ट आहे: कूलरवाल्याने स्वतःलाच वाफवून घेतलं. आज मागच्या बाकावर मी बसलो होतो आणि गोष्ट रंगवून सांगत होते मास्तर. सांगू दिलं. चांगली सांगतात, माझ्यापेक्षा बरी. संपल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि जीभ चावली. मी माझा चहा त्यांच्याकडं सरकवला.

दुपारी जावयांना आणि पोरीला जेवायला बोलावलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं. आले, रतनबाईंनाही घेऊन आले. महादेवीने धोंडे केले नाहीत, साधा स्वयंपाक केला. पंगत मांडली. मी जावयांच्या समोर बसलो नाही, एका बाजूला बसलो. देण्यासाठी हातात काहीच नव्हतं. काय देणार?

रविरावांनी आमटीचा घोट घेतला. महादेवी पळी हातात धरून उभी होती, नेहमीसारखी. तिने विचारलं नाही. मीच विचारलं. "आमटी कशी झालीय रविराव?"

ते थांबले. वाटीकडं पाहिलं, वर्षाराणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मीठ जास्त झालंय मामा," ते म्हणाले.

रतनबाईंचा घास हातात राहिला. महादेवीने पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "व्हय की. खारट हाय." ती आत गेली, गरम पाणी घेऊन आली आणि आमटीत घातलं. मी मान खाली घालून जेवत राहिलो, कारण मला वर बघता येत नव्हतं. जावयांनी पुन्हा वाटी पुढं केली.